लोणीसाहेबांचा अंगठा

बाजाराच्या पहिल्या दुकानापाशी लोणीसाहेबांची सायकल टेकली, की शेवटच्या दुकानातलं लोणी फडक्याखाली जायचं. ही खबर मधल्या चाळीस दुकानांतून कशी धावायची, ते साहेबांना सव्वीस वर्षांत उलगडलं नव्हतं. कुणी उगाच खाकरायचं, कुणी रिकामा डबा वाजवायचं. कुणी समोरच्याला मोठ्यानं विचारायचं, "काय, हवा कशी आहे?" आणि भर उन्हाळ्यातसुद्धा समोरचा सांगायचा, "गार पडलीय हो, फार गार."

साहेबांचं खरं नाव खात्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. अन्नतपासणी खात्यात तेल बघणारा वेगळा, पीठ बघणारा वेगळा. यांच्याकडे लोणी. म्हणून लोणीसाहेब. कायदा त्यांना तोंडपाठ होता. शंभर भाग लोण्यात ऐंशी भाग स्निग्धांश हवा, पाणी सोळाच्या वर नको आणि परकी चरबी थेंबभरही नको. लोणी महाग, कारखान्यातलं वनस्पती तूप स्वस्त. एकात दुसरं मिसळलं की दुकानदाराचं भागायचं. म्हणून सरकारनंच एक युक्ती करून ठेवली होती. वनस्पतीच्या प्रत्येक कारखान्याला थोडं तिळाचं तेल घालायची सक्ती होती. खाणाऱ्याला ते कळत नाही, पण प्रयोगशाळेत ॲसिड घालून हलवलं की नळीच्या तळाशी गुलाबी रंग उतरतो. लोण्यात गुलाबी दिसलं, की दुकानदार मेला.

नमुना काढायची साहेबांची रीत ठरलेली. आधी दुकानदाराच्याच नळावर हात धुवायचे, खिशातल्या रुमालानं पुसायचे. मग पिशवीतून स्टीलची नळी काढून लोण्याच्या गोळ्यात बुडापर्यंत खुपसायची, फिरवायची, बाहेर काढायची. नळीतलं लोणी तीन बरण्यांत भरायचं, झाकणावर चिठ्ठी, चिठ्ठीवर दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर शिक्का. एक बरणी प्रयोगशाळेत, दोन कचेरीच्या कपाटात. जाड भिंगांमुळे सगळं खातं ज्याला दुर्बीण म्हणायचं तो शिपाई साक्षीदार म्हणून सही ठोकायचा.

आता बाकीचे निरीक्षक नळीतलं लोणी चमच्यानं ढकलत. लोणीसाहेब अंगठ्यानं ढकलायचे. बरणीत हवा राहू नये म्हणून अंगठ्यानंच दाबून बसवायचे. "चमच्याला काय कळतंय?" ते दुर्बिणीला सांगत. "पाणी जास्त असलं तर लोणी अंगठ्याखाली रडतं. वनस्पती असेल तर मेणासारखं अंग चोरतं. रिपोर्ट यायच्या आधी अंगठा सांगतो."

आणि अंगठा खरंच सांगायचा. सव्वीस वर्षांत क्वचित चुकला असेल.

एवढं कसब असलेल्या माणसाला मित्र किती असावेत? एकही नव्हता. नियम त्यांचा त्यांनीच केला होता: ज्याच्या मालाला हात लावायचा, त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. आणि गावात लोणी कुठं नव्हतं? बेकरीत होतं, हॉटेलात होतं, शेजारच्या बाईंच्या भावाच्या दुकानात होतं. त्यामुळे साहेब सगळ्यांनाच टाळायचे आणि लोक साहेबांना. कुणाकडे लग्न निघालं तर बोलवायला येणारा दारातूनच म्हणायचा, "या हं साहेब, पण पिशवी घरी ठेवून या." हसायचा आणि जायचा. साहेब जायचे नाहीत. बायको जायची, आणि परत आल्यावर कोण कुणाशी कसं बोललं त्याची साग्रसंगीत नक्कल करून दाखवायची. साहेबांचं जगाशी जे काही येणं-जाणं होतं, ते त्या नकलांमधून.

बायको गेल्या उन्हाळ्यात गेली. फार दुखणं नाही, आठ दिवसांचं. त्यानंतर सरकारी इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत इतकं शांत झालं, की नळाची गळती साहेब मुद्दाम दुरुस्त करेनात. तेवढाच कुणीतरी बोलल्याचा भास. परगावची लेक रविवारी फोन करायची. "जेवलात का?" "जेवलो." "काय केलं होतं?" "केलं होतं काहीतरी." पाच मिनिटांत दोघांचेही शब्द संपायचे, मग एकमेकांचा श्वास ऐकून फोन ठेवायचे.

हिवाळा आला आणि साहेबांच्या हातांना भेगा पडल्या. दरवर्षी पडायच्या. बर्फासारख्या लोण्यात आणि गार पाण्यात बुचकळलेले हात ते, फुटणारच. पण दरवर्षी बायको संध्याकाळी कसलंसं मलम चोळायची आणि वर तोंड चालवायची: "सगळं गाव तुमच्या हाताला घाबरतं, आणि हात बघा, जुन्या चपलेसारखे." ते मलम कुठलं, कुठून आणायची, साहेबांनी कधी विचारलं नव्हतं. आता फळीवर शोधलं तर एक अर्धी तेलाची बाटली सापडली. वास ओळखीचा वाटला. ते रोज सकाळी कचेरीला निघण्यापूर्वी ते तेल दोन्ही हातांना भरपूर चोळू लागले. बाटली संपली तेव्हा वाण्याकडून तसलीच दुसरी आणली. भेगा मिटल्या. तेवढ्या पाच मिनिटांत त्यांना बरं वाटायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

त्या हिवाळ्यात साहेबांनी एकोणीस नमुने काढले आणि चौदा नापास झाले. चौदा! खात्यात कधी असं घडलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "निवृत्तीला तीन महिने राहिलेत आणि हा गडी षटकार ठोकतोय! शिका जरा." चौदांत एक चौकातला शेठही होता. हा शेठ अकरा वर्षं वनस्पती मिसळत होता, बाजारातलं शेंबडं पोरसुद्धा ते सांगेल, पण नमुना काढायच्या दिवशी त्याच्याकडे नेमकं चोख लोणी असायचं. यंदा तोही सापडला. साहेबांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण चौदांत मावशीही होती.

बाजाराच्या शेवटच्या टोकाला मावशीचं दुकान. दुकान कसलं, घराची पुढची खोली; मागे गोठा, गोठ्यात चार म्हशी. सगळा बाजार तिला मावशीच म्हणायचा. साहेबांची सायकल दिसल्यावर लोण्यावर फडकं न टाकणारी बाजारात ती एकटी. "ज्याच्या पोटात दुखतं त्यानं झाकावं," ती म्हणायची, आणि साहेब आले की पाट सरकवायची. "बसा. काढा तुमची पुंगी." सव्वीस वर्षांत तिचा एक नमुना नापास झाला नव्हता. यंदाही साहेबांच्या अंगठ्यानं तिथल्या तिथं सांगितलं होतं: चोख. आणि प्रयोगशाळेनं सांगितलं: गुलाबी.

साहेबांना पहिल्यांदा अंगठ्याचा संशय आला. म्हातारा झाला, म्हणाले. कपाटातली दुसरी बरणी त्यांनी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथूनही तेच. स्निग्धांश बरोबर, पाणी बरोबर, बाकी झाडून सगळे आकडे बरोबर, पण रंग गुलाबी. आणि कायदा रंग मानतो. दुर्बिणीनं मावशीच्या दारावर लाल अक्षरांची नोटीस चिकटवली: इथले लोणी भेसळयुक्त आढळले आहे. विक्री बंद. महिन्यानं सुनावणी, तिथं लायसन कायमचं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी मावशी कचेरीत आली. एरवी साहेबांना अहो-जाहो करणारी बाई दारातूनच घसरली.

"काय रे, माझ्या म्हशी काय कारखान्यात चरायला जातात?"

कचेरीतले कारकून माना खाली घालून हसले.

"मावशी, दोन ठिकाणी तपासलंय. मशीन खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते? तीस वर्षं बोलते? दुधाला येणारी माणसं बंद झाली. पलीकडची म्हणते, मावशी, तुम्ही गरीब म्हणून केलं असेल, आम्ही समजू शकतो. समजू शकते म्हणे! तिच्या समजण्याला काडी लाव." ती टेबलावर हात टेकून पुढं वाकली. "तू माझ्या डोळ्यांत बघून सांग. तुझ्या त्या अंगठ्यानं काय सांगितलं होतं?"

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. आणि नियमात नसलेली गोष्ट बोलले. "शनिवारी येतो. धार काढल्यापासून लोणी निघेपर्यंत समोर बसतो."

ते बसले. शनिवारी धार काढली तेव्हापासून बसले. विरजण लावलेलं भांडं स्वतःच्या शिक्क्यानं बंद केलं आणि रविवारी सकाळी स्वतः उघडलं. मावशी घुसळायला लागली. दोरीचा खाली-वर आवाज, मध्येच म्हशीचं फुरफुरणं. साहेब गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून बघत होते. किती वर्षांनी ते कुणाच्या घरात इतका वेळ बसले होते. लोणी वर आलं, मावशीनं ते गार पाण्यात दोनदा धुतलं, गोळा केला. कोपऱ्यात ना डबा, ना पिंप, ना संशयाला जागा.

साहेबांनी हात धुतले, रुमालानं पुसले, पिशवीतून दोन बरण्या काढल्या. पहिली भरून अंगठ्यानं दाबायला त्यांनी इतका वेळ लावला की मावशीचा धीर सुटला.

"दे इकडे. तुझं म्हणजे नवरी नटेपर्यंत वऱ्हाड घरी." तिनं दुसरी बरणी ओढून घेतली, लाकडी डावानं दोन फटक्यांत भरली, झाकण लावलं. "हं. ठोक शिक्का."

साहेबांना हे आवडलं नाही, पण ही तपासणी तशीही कागदावर नव्हती. त्यांनी चिठ्ठ्यांवर एक आणि दोन असे आकडे घातले.

प्रयोगशाळेतल्या बाई सोमवारी लवकर आल्या होत्या, मेहरबानी म्हणून. मितभाषी बाई, त्यांचं साहेबांशी आजवरचं बोलणं म्हणजे 'ठेवा' आणि 'न्या'. त्यांनी दोन्ही बरण्यांतलं थोडं थोडं लोणी वितळवलं, दोन नळ्यांत घेतलं, ॲसिड घातलं, दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकले, बूच लावून हलवलं आणि नळ्या स्टँडवर ठेवल्या. थोड्या वेळानं पहिल्या नळीच्या तळाला फिकट गुलाबी रंग धरला. दुसरी कोरी राहिली.

"एकाच गोळ्यातलं आहे?" बाईंनी विचारलं.

"एकाच. माझ्या डोळ्यांदेखत."

"दोन नंबर कुणी भरली?"

"तिनं."

"आणि एक नंबर?"

साहेब स्वतःच्या उजव्या हाताकडे बघू लागले. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि कपाटातून कापसाचा बोळा काढला. "हात पुढे करा. उजवा."

त्यांनी अंगठा नखापासून मुळापर्यंत पुसला, बोळा स्वच्छ तेलहीन द्रावणात पिळून ते द्रावण नळीत घेतलं, तसंच ॲसिड, तसेच थेंब. या खेपेला वाट बघावी लागली नाही. तळाशी रंग उतरला तो फिकट नव्हता. ओठाला लावावा असा गडद.

"हाताला काय लावता?"

"तेल," साहेब म्हणाले. "भेगा पडतात. घरात होतं." मग थोड्या वेळानं, "तिळाचं असावं."

"धूत नाही?"

"धुतो की. दर वेळी धुतो." त्यांनी खिशातला रुमाल काढून पाहिला. तीन महिने तेच हात पुसून तो तुपकट, पिवळा झाला होता. बाईंनी तो हातात घेतला नाही, चिमट्यानं उचलून काचेवर ठेवला. हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "थंडीत नळाच्या पाण्यानं तेल जात नाही, साहेब," एवढंच बोलल्या. साहेबांना वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी वार नसताना लेकीला फोन केला. ती घाबरली. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"बाबा, दोनच महिने राहिलेत तुमचे."

"हो."

"कुणाला कळलंय?"

"त्या बाईंना. त्या सांगणार नाहीत."

"मग गप्प बसा ना. आयुष्यभर एक पैसा खाल्ला नाहीत, एवढ्यासाठी चौकशी मागे लावून घ्यायची? आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं."

आई असती तर भेगांना तेल लावावंच लागलं नसतं, हे साहेबांच्या ओठावर आलं होतं. ते म्हणाले, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं. आधी कपाळावर हात मारला, मग डोकं थंड केलं. ते काही वाईट माणूस नव्हते.

"हे बघा. तुमच्या मावशीला मी सुनावणीत सोडतो. तांत्रिक कारण दाखवतो, तारखेचा घोळ वगैरे. लायसन परत. झालं?"

"आणि बाकीचे तेरा?"

"त्यांतले निम्मे चोर असतील."

"निम्मे नसतील."

"अहो, शेठ आहे त्यात! अकरा वर्षांनी मासा गळाला लागलाय. तुम्ही हे कागदावर आणलंत, तर त्याचा वकील दुपारच्या आत पेढी उघडून देईल. तुमच्या अंगठ्याला तेल होतं म्हणून त्याचं लोणी काय पवित्र झालं?"

हे मात्र खरं होतं. शेठचं लोणी त्या दिवशी अंगठ्याखाली मेणासारखं आकसलं होतं. साहेबांना ते पक्कं आठवत होतं. पण अंगठ्याची साक्ष कायद्यात चालत नाही, आणि तो अंगठा तर आता स्वतःच आरोपी होता. साहेब खिडकीबाहेर बघत बसले. तांत्रिक कारणानं सुटलेल्या बाईकडून लोणी कोण घेणार? लोक म्हणणार, सुटली. कुणी म्हणणार नाही, चोख होती.

"मी लिहून देतो," ते म्हणाले.

दीड पानाचं निवेदन त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. तेल, रुमाल, अंगठा, तेल लावण्याआधीचे पाच पास आणि नंतरचे चौदा नापास नमुने, तारखा. बायकोचा उल्लेख केला नाही. त्याची खात्याला गरज नव्हती. आठवड्यात चौदाही प्रकरणं मागे घेतली गेली. साहेबांची पिशवी, नळी, शिक्का जमा झाला; उरलेले दिवस त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर बसायचं ठरलं. बाजारात त्यांना पाहून हवा गार पडल्याचं आता कुणी म्हणत नव्हतं. दुर्बीण तेवढा एकदा जवळ आला, म्हणाला, "साहेब, मी साक्षीदार होतो. मला दिसायला हवं होतं." "तुला?" साहेब म्हणाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

शेठ एक अर्ज घेऊन मुद्दाम कचेरीत आला, हात जोडून. "साहेब, हा अंगठा सोन्यानं मढवायला हवा. खर्च माझा." चार लोक हसले. साहेबांनी त्याच्या अर्जावर आवक शिक्का मारून पावती दिली.

मावशीचं लायसन टपालानं गेलं. दारावरची लाल नोटीस दुर्बिणीनं खरवडून काढली, तर तिच्या जागी दाराचा रंगच निघाला आणि आधीपेक्षा ठळक चौकोन उठला. साहेबांनी मोठ्या साहेबांना विचारलं, लोणी शुद्ध असल्याची नोटीस लावता येईल का? मोठ्या साहेबांनी नियमाचं पुस्तक उलटून पाहिलं. नापासाची नोटीस लावायचा नियम होता. पासाची नोटीस कधी कुणाला लागलीच नव्हती.

शनिवारी, बाजाराच्या दिवशी, साहेब रजा टाकून मावशीच्या दुकानी गेले. गोठ्यात तीनच म्हशी होत्या. चौथीचं त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दुकानात दोन गोळे लोणी, समोर कुणी नाही.

"मावशी, चूक माझी होती."

"ते टपालात होतं," ती म्हणाली. पुन्हा अहो-जाहोवर आली नव्हती, पण घसरलेलीही नव्हती. कुठंतरी मध्येच थांबून बोलत होती. "माझं लोणी चोख आहे हे मला माहीतच होतं. मला कशाला सांगायचं? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायचं."

साहेब पायरी उतरून रस्त्यावर उभे राहिले. सव्वीस वर्षं ज्या बाजारात त्यांनी कामापुरतेच शब्द वापरले होते, तिथं काय बोलायचं आणि कसं, हे त्यांना सुचेना. पाव घेऊन चाललेली एक बाई समोरून आली. मावशीच्या दाराकडे एकदा बघून तिनं पाय उचलला.

"ताई," साहेब म्हणाले. आवाज फारच बारीक निघाला. "ताई, इथलं लोणी शुद्ध आहे."

"नोटीस होती ना हो?"

"होती. मीच लावली होती. तेल माझ्या हाताला होतं. तिळाचं. लोण्यात नव्हतं."

बाईला काही कळलं नाही. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: भेगा, तेल, रुमाल. समोरचा चांभार हातातलं काम ठेवून ऐकायला लागला. "म्हणजे चोर पोलिसाच्याच खिशात?" तो ओरडला, आणि आजूबाजूचे हसले. साहेबांनी त्यांनाही सांगितलं. प्रत्येक खेपेला तेच, त्याच क्रमानं, निवेदनासारखं. हसणारे हसून पुढं जात होते, आणि नवीन येत होते. कुणीतरी म्हणालं, हात दाखवा, आणि साहेबांनी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवले. तेल बंद केल्यापासून भेगा पुन्हा उकलल्या होत्या.

"अगंबाई," पाववाली म्हणाली, आणि पाव काखेत धरून मावशीच्या पायरीकडे वळली. "द्या पावशेर. थट्टा राहू दे, पण मुलांना असं लोणी गावात दुसरीकडे कुठं मिळायचं?"

तिच्यामागे आणखी एक आली. मग बेकरीवाला आला, तो नेहमीचा होता, तोंड लपवून आला. मावशी तागडी पुसून तोलायला लागली. पायरीवर गर्दी झाली आणि साहेब नेमके वाटेत होते. तोंड उघडं ठेवून, कुणी विचारलं तर सांगायच्या तयारीत. पण आता कुणी विचारत नव्हतं.

"साहेब," मावशी आतून, मान वर न करता म्हणाली, "जरा बाजूला सरा. गिऱ्हाईक येतंय."

साहेब बाजूला सरले. मग माणसं आणखी आली, तेव्हा आणखी थोडे सरले.